पहिलं डीॲप: खरे पैसे न लावता वापरून पाहा

नेहमीच्या ॲपमध्ये व्यवहाराची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर असते. डीॲपमध्ये, म्हणजे विकेंद्रित ॲपमध्ये, नियम ‘स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट’ या प्रोग्रॅममध्ये लिहिलेले असतात आणि तो ब्लॉकचेनवरच्या, म्हणजे सामायिक नोंदवही चालवणाऱ्या, हजारो संगणकांवर एकसारखाच चालतो. वेबसाइट ही त्याच्यापर्यंत जायची वाट, एवढंच. म्हणून हुबेहूब नकली वेबसाइट उभी करणं सोपं असतं. सरावासाठी इथेरियम या ब्लॉकचेनचं सेपोलिया हे चाचणी नेटवर्क घ्या. तिथल्या ईथला, म्हणजे इथेरियमच्या चलनाला, बाजारात किंमत नाही.

१. मेटामास्क हे वॉलेट, म्हणजे डिजिटल पाकीट, अधिकृत साइटवरूनच ब्राउझरमध्ये बसवा. शोधताना वर येणाऱ्या जाहिरातीवर क्लिक करू नका. मिळालेले १२ शब्द म्हणजे वॉलेटची किल्ली. ते क्रमाने कागदावर लिहा, स्क्रीनशॉट नको. ते हरवले तर परत मिळवून देणारी हेल्पलाइन नसते, आणि दुसऱ्याला मिळाले तर वॉलेट त्याचंच.

२. चाचणी नेटवर्क दाखवण्याची सोय सुरू करून सेपोलिया निवडा. चेन आयडी, म्हणजे नेटवर्कचा ओळख क्रमांक, १११५५१११ आहे ना, ते बघा.

३. फॉसेटवर, म्हणजे चाचणी ईथ फुकट देणाऱ्या साइटवर, आपल्या वॉलेटचा पत्ता टाकून थोडं ईथ घ्या. काही फॉसेट खऱ्या नेटवर्कवर शिल्लक मागतात. मग दुसरं शोधा. १२ शब्द मागणारं पान मात्र तत्काळ बंद करा.

४. युनिस्वॅप हे टोकनांची, म्हणजे डिजिटल नाण्यांची, अदलाबदल करणारं डीॲप आहे. त्याच्या सेटिंगमध्ये टेस्टनेट मोड सुरू करून वॉलेट जोडा. नुसतं जोडल्याने साइटला पत्ता आणि शिल्लक दिसते. पैसे हलवता येत नाहीत.

५. ०.०१ ईथ देऊन यूएसडीसी हे डॉलरशी बांधलेलं टोकन घ्या. मेटामास्क शुल्क दाखवेल. संगणकांच्या कामाच्या मापाला गॅस म्हणतात, आणि गॅस गुणिले त्याचा दर म्हणजे शुल्क. ईथ नुसतं पाठवायला २१,००० गॅस लागतो. दर २ ग्वेई (ग्वेई म्हणजे ईथचा अब्जावा भाग) असेल तर शुल्क ०.००००४२ ईथ. अदलाबदलीत कॉन्ट्रॅक्टला जास्त काम असतं, त्यामुळे गॅसही बराच जास्त. इथेरियमवर दर १२ सेकंदांनी नव्या ब्लॉकची, म्हणजे व्यवहारांच्या नव्या गठ्ठ्याची, पाळी येते. व्यवहार नोंदला गेला की सेपोलियाच्या इथरस्कॅनवर, म्हणजे व्यवहारांच्या नोंदी दाखवणाऱ्या साइटवर, तो उघडून बघा.

६. आता उलट करा, यूएसडीसी देऊन ईथ घ्या. या वेळी आधी ‘अप्रूव्ह’ विचारलं जाईल. खरी मेख इथे आहे. अप्रूव्ह म्हणजे तुमच्या वॉलेटमधलं ते टोकन उचलण्याची कॉन्ट्रॅक्टला दिलेली परवानगी. अनेक डीॲप ती अमर्याद मागतात, आणि साइट बंद केली, वॉलेटची जोडणी तोडली तरी ती टिकते. कॉन्ट्रॅक्टमध्ये पुढे त्रुटी निघाली किंवा ते मुळातच चोराचं असलं, तर ते टोकन तुम्हाला पुन्हा न विचारता रिकामं होतं. म्हणून मर्यादेच्या चौकटीत लागेल तेवढाच आकडा भरा. जुन्या परवानग्या इथरस्कॅनच्या टोकन अप्रूव्हल पानावरून रद्द होतात. त्यालाही गॅस लागतो. गॅस न लागणाऱ्या सहीतूनही अशी परवानगी जाऊ शकते, तेव्हा मजकूर समजला नाही तर सही नाकारा.

व्यवहार फसला तरी गॅस जातोच, कारण संगणकांनी काम केलेलं असतं. भाव ठरवलेल्या स्लिपेजपेक्षा, म्हणजे तुम्ही चालवून घ्याल त्या फरकापेक्षा, जास्त हलला की असं होतं. पण ते टाळायला स्लिपेज उगाच वाढवू नका, वाईट भाव पदरी पडतो.

भारतात खऱ्या टोकनच्या नफ्यावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे आणि एका टोकनमधला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातून वजा होत नाही. तेव्हा इथरस्कॅनवरच्या नोंदी पहिल्या खऱ्या व्यवहारापासूनच जपून ठेवा.