परदेशी निघण्याआधी लसीचा पुरावा पक्का कसा करावा

पिंपळगाव बसवंतचा माझा मेहुणा द्राक्षांचा गिऱ्हाईक बघायला केनियाला निघाला होता. दौरा पाच दिवसांचा. निघायला तीन दिवस उरले असताना कुणीतरी विचारलं, "पिवळ्या तापाची लस घेतलीत का?" लस त्याच दिवशी टोचून घेतली असती तरी उपयोग नव्हता, कारण तिचं प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. हा तर आठव्या दिवशी परत येणार. केनियासारख्या देशातून येणाऱ्याकडे वैध प्रमाणपत्र नसेल, तर आपल्याकडे विमानतळावरूनच सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. शेवटी दौराच पुढे ढकलला.

म्हणून पहिलं काम म्हणजे जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही बाजूंचा नियम बघणं. आपण बहुतेक जण फक्त व्हिसा देणाऱ्या देशाचं बघतो. विमान मध्ये कुठे थांबतं तेही तपासा. हजला जाणाऱ्यांना मेंदुज्वराची लस लागते, तीही किमान दहा दिवस आधी.

तिकिटाआधीच लसीची तारीख ठरवा. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रांवरच मिळते आणि तीही बऱ्याच ठिकाणी ठरावीक वारीच. आम्ही पंचवटी एक्सप्रेसने मुंबई गाठली, पण आधी फोन करून वार विचारला होता. अंड्याची ॲलर्जी, गरोदरपण किंवा साठीपुढचं वय असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा, कारण ही जिवंत विषाणूची लस आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचं. पिवळं कार्ड, म्हणजे या लसीचं प्रमाणपत्र, हातात पडलं की टेबलापासून हलू नका. पासपोर्ट उघडून शेजारी ठेवा आणि एकेक अक्षर ताडून बघा: नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, लसीची तारीख, बॅच नंबर, डॉक्टरांची सही, केंद्राचा शिक्का. मेहुण्याच्या कार्डावर तारखेचा आकडा गिरवून दुरुस्त केला होता. खाडाखोड झालेलं कार्ड अमान्य ठरू शकतं, म्हणून तिथल्या तिथे नवीन लिहून घेतलं. खाली स्वतःची सही करायला विसरू नका. २०१६ पासून हे प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, त्यामुळे ही मेहनत एकदाच.

कोरोनाच्या साथीत हाच घोळ मोबाइलवर झाला. २०२१ साली कोविनच्या, म्हणजे लसनोंदणीच्या सरकारी पोर्टलच्या, प्रमाणपत्रावर पूर्ण जन्मतारीख नव्हती, आणि ब्रिटनला शिकायला निघालेली मुलं दोन्ही डोस घेऊनही अडकली. सप्टेंबरअखेर कोविनवर परदेश प्रवासासाठी पूर्ण जन्मतारखेची सोय झाली आणि ११ ऑक्टोबरपासून ब्रिटनने कोविशील्ड घेतलेल्या भारतीयांचं विलगीकरण उठवलं. तेव्हा कोविनवर लॉगिन करून पासपोर्ट नंबर जोडता येत होता. पासपोर्टवर वडिलांचं नाव असेल आणि लसीच्या नोंदीत नसेल, तर ते दुरुस्त करून मगच नवं प्रमाणपत्र उतरवा. क्यूआर कोड स्पष्ट दिसेल अशी कागदी प्रतही काढा.

"मला कोरोना होऊन गेलाय, अँटिबॉडी भरपूर आहेत," असं म्हणून तेव्हा चालत नव्हतं. एप्रिल २०२० मध्येच जागतिक आरोग्य संघटनेने अशा 'इम्युनिटी पासपोर्ट'बद्दल, म्हणजे आजार होऊन गेल्याच्या जोरावर प्रवासाची मुभा देणाऱ्या दाखल्याबद्दल, सावध केलं होतं. युरोपीय संघाने बरे झालेल्यांना प्रमाणपत्र दिलं, पण जुन्या पॉझिटिव्ह चाचणीवर आणि १८० दिवसांपुरतंच. म्हणून त्या काळात जुना रिपोर्टही फाइलमध्ये जपून ठेवावा लागे.

मुलं सोबत असतील तर प्रत्येकाचं कार्ड वेगळं लागतं. सही येत नसलेल्या लेकराच्या कार्डावर आईने किंवा वडिलांनी सही करावी.