थ्रीडीएसवर डिस्कॉर्ड टाकताय? आधी टोकनचं बघा

निन्टेंडोने थ्रीडीएस या हातात धरून खेळायच्या गेम कन्सोलची ऑनलाइन सेवा एप्रिल २०२४ मध्ये बंद केली, तरी होमब्रू क्लायंट (हौशी लोकांनी बनवलेलं अनधिकृत अ‍ॅप) टाकून त्यावर डिस्कॉर्डवरचं ग्रुप चॅट वाचता येतं, आणि छान वाटतं. फक्त रोजच्या खात्याने लॉगिन करू नका. अनधिकृत क्लायंट डिस्कॉर्डच्या नियमांत बसत नाही, खातं बंद होऊ शकतं. कॉलेजचे, क्लासचे ग्रुप ज्या खात्यावर आहेत ते कशाला पणाला लावायचं? दुसऱ्या ईमेलवर नवं काढा.

खरी काळजी टोकनची, म्हणजे लॉगिन झाल्यावर मिळणाऱ्या डिजिटल किल्लीची. लॉगिन टिकवायचं तर क्लायंटला टोकन कुठेतरी साठवावं लागतं, आणि ती जागा बहुधा एसडी कार्डच असते. दिसायला नुसती अक्षरं-आकड्यांची लांबलचक ओळ. पण ती ज्याच्या हाती लागेल त्याला ना पासवर्ड लागतो, ना टू-फॅक्टरचा कोड. म्हणून कन्सोल पुण्याच्या तपकीर गल्लीत दुरुस्तीला द्यायचा असो की जुन्या बाजारात विकायचा, कार्ड आधी काढून घ्या. नुसती फाइल डिलीट करून भागत नाही, ती परत मिळवता येते. कार्ड हातातून गेलंच असेल तर त्याच दिवशी डिस्कॉर्डचा पासवर्ड बदला. जुनी टोकनं तिथेच रद्द होतात.

वायफाय जोडलं जात नसेल तर राउटरमध्ये बघा. थ्रीडीएसला फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय चालतं, डब्ल्यूपीए३ ही नवी वायफाय सुरक्षा चालत नाही. घरचं मुख्य नेटवर्क तसंच राहू द्या आणि कन्सोलसाठी डब्ल्यूपीए२ वालं वेगळं गेस्ट नेटवर्क सुरू करा.