‘डायरेक्शन’ मराठीत आणताना

इंग्रजी मजकुरात ‘डायरेक्शन’ दिसला की हात आपोआप ‘दिशा’कडे जातो. नकाशा, होकायंत्र आणि भूमिती यांत तो शब्द बरोबर बसतो. औषधाचं खोकं, कोर्टाचा आदेश, नाटकाची संहिता, कंपनीचं पत्र यांत मात्र त्याचं काही काम नसतं. नेमका शब्द शोधायला कोश उघडण्याआधी वाक्यालाच तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: शब्द एकवचनी आहे की अनेकवचनी? एकवचनी असेल तर दिशा, दिग्दर्शन, मार्गदर्शन किंवा देखरेख यांपैकी काहीतरी निघतं. अनेकवचनी असेल तर बहुधा सूचना, निदेश किंवा रस्ता. प्रश्नपत्रिकेच्या डोक्यावर असतात त्या सूचना. नाटकाच्या संहितेत कंसातलं ‘खिडकीकडे जातो’ ही रंगसूचना. वाटेत कोणी ‘डायरेक्शन्स’ विचारल्या तर आपण त्याला रस्ता सांगतो, ‘दिशानिर्देश’ देत नाही. याला अपवादही आहेत. सगळ्या ‘डायरेक्शन्स’ना म्हणजे चहूकडे, आणि दोन्ही ‘डायरेक्शन्स’ची वाहतूक म्हणजे दोन्ही बाजूंची.

दुसरा प्रश्न: कोण कोणाला सांगतंय, आणि ऐकलं नाही तर काय होईल? काहीच होणार नसेल तर सल्ला किंवा मार्गदर्शन. कामात चूक होणार असेल तर सूचना. कायद्याचा बडगा येणार असेल तर निदेश.

इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. बातम्यांत सर्रास ‘न्यायालयाचे निर्देश’ असं छापून येतं. ते रूढ झालंय आणि बातमीत चालतंही. कायद्याच्या मराठीत मात्र ‘निदेश’ म्हणजे हुकमासारखी सूचना आणि ‘निर्देश’ म्हणजे उल्लेख. ‘कलम ४ मध्ये निर्देशिलेली व्यक्ती’ म्हणजे त्या कलमात जिचा उल्लेख आहे ती. तिला कोणी काही करायला सांगितलेलं नसतं. संविधानाच्या मराठी पाठात अनुच्छेद २२६ मध्ये निदेश, आदेश आणि प्राधिलेख (म्हणजे ‘रिट’) वेगवेगळे येतात. चौथ्या भागाचं नाव तिथे ‘राज्य धोरणाची निदेशक तत्त्वे’ असं आहे. शाळेत आपण त्यांनाच ‘मार्गदर्शक तत्त्वे’ म्हणतो. करार, शपथपत्र किंवा नियमावली लिहीत असाल तर हा एका रफाराचा फरक पाळाच, कारण चुकलात तर वाक्याचा अर्थच बदलतो.

बँकांच्या बातम्यांत आणखी एक गंमत आहे. बँकिंग विनियमन अधिनियम, १९४९ च्या कलम ३५अ खाली रिझर्व्ह बँक एखाद्या बँकेला ‘डायरेक्शन्स’ देते, तेव्हा मराठी वर्तमानपत्रं ‘बँकेवर निर्बंध’ असा मथळा करतात. शब्दशः पाहिलं तर ते चूक, पण वाचकाच्या दृष्टीने अगदी योग्य. खात्यातून पैसे काढण्यावर मर्यादा आली आहे हे ठेवीदाराला ‘निदेश’ वाचून कळणार नाही.

तिसरा प्रश्न: नाम खरंच हवंय का? औषधाच्या खोक्यावरचं वाक्य घ्या. ‘डॉक्टरांच्या निर्देशानुसार वापरा’ हे हिंदीवरून उचललेलं. ‘डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे घ्या’ हे आजीलाही समजतं. त्याच खोक्यावरच्या ‘डायरेक्शन्स फॉर यूज’ला ‘वापरण्याची पद्धत’ म्हणा. पुडीतलं सूप असेल तर सरळ ‘कृती’. ‘कोर्टाने निर्देश दिले की उत्तर सादर करण्यात यावे’ याऐवजी ‘कोर्टाने उत्तर द्यायला सांगितलं’ असं लिहिलं तर बातमीची एक ओळ वाचते.

आता माणसांकडे वळू. सिनेमा-नाटकाचा तो दिग्दर्शक, ‘निर्देशक’ हिंदीत. ‘दिग्दर्शक’ हा सावरकरांनी रूढ केलेल्या शब्दांत गणला जातो. बँक, साखर कारखाना, कंपनी, सरकारी खातं, आयआयटी, सगळीकडे संचालक. एमडी म्हणजे व्यवस्थापकीय संचालक आणि त्यांच्या बैठकीचं ते संचालक मंडळ. ‘डायरेक्टोरेट’ म्हणजे संचालनालय, जसं शिक्षण संचालनालय. सरकारी परिभाषा तयार करणारं खातं तर स्वतःच भाषा संचालनालय आहे. ईडीला मात्र दोन नावं चालतात, सक्तवसुली संचालनालय आणि अंमलबजावणी संचालनालय. एका लेखात एकच ठेवा. पीएचडीच्या विद्यार्थ्याला ‘डायरेक्शन’ देणारा तो मार्गदर्शक.

‘दिशा’ खरोखर जिथे हवी तिथेही एक खड्डा आहे: वारा. वाऱ्याला नाव मिळतं ते तो जिथून येतो त्यावरून. नैर्ऋत्य मोसमी वारे नैर्ऋत्येकडून येतात आणि ईशान्येकडे जातात. बोट मात्र ‘नैर्ऋत्य दिशेने’ निघाली तर ती नैर्ऋत्येकडे जात असते. म्हणून हवामानाच्या मजकुरात नुसतं ‘नैर्ऋत्य दिशेचा वारा’ असं मोघम लिहू नका. ‘-कडून’ किंवा ‘-कडे’ हे शब्दयोगी अव्यय लावाच. शाळेच्या विज्ञानात दिशा असलेली राशी सदिश आणि नसलेली अदिश. विस्थापन सदिश, अंतर अदिश. तिथे पर्यायी शब्द वापरून पाहण्याच्या फंदात पडू नये.

शुद्धलेखनात अडखळायला होतं ते संधीमुळे. मूळ शब्द ‘दिक्’. दर्शन जोडलं की दिग्दर्शन, अंबर जोडलं की दिगंबर आणि मूढ जोडलं की दिङ्मूढ. ‘दिगदर्शक’ असं पूर्ण ग घालून लिहिलेलं पोस्टरवर हटकून दिसतं, ते चूक. आठ दिशांत सर्वाधिक हाल ‘नैर्ऋत्य’चे होतात. त्यात ऋ आहे आणि त्याच्या डोक्यावर रफार आहे. ‘नैऋत्य’ लिहून भागत नाही.

आणि जुन्या मजकुरात ‘बहिर्दिशेस गेले’ असं वाचलंत तर प्रवासवर्णन समजू नका. तो माणूस तांब्या घेऊन गेलेला असतो.