पिल्लू घरी आलं: फ्लॅटमधले पहिले आठ दिवस

कुत्र्याचं पिल्लू आणायचं ते शक्यतो सुट्टीच्या दिवशी, आणि सकाळीच. रात्री आठला आणलं तर त्याची घराशी ओळख अंधारातच होते आणि पहिली रात्र सगळ्यांनाच जड जाते. वय किमान 8 आठवडे पूर्ण हवं. किती जोराने चावलं की समोरचा कळवळतो, हे पिल्लं भावंडांशी मस्ती करतानाच शिकतात. सहाव्या आठवड्यात उचललेलं पिल्लू पुढे हात फोडून काढतं, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

आणताना तिथून तीन गोष्टी मागून घ्या: आत्ता खातंय तेच खाणं चार-पाच दिवस पुरेल एवढं, जंताचं औषध आणि लस दिल्याच्या तारखा, आणि आईच्या अंथरुणातला एखादा फडका. फडका धुवू नका, त्याचा वासच कामाचा आहे. गाडी लागते, म्हणून निघण्याआधी दोन तास खायला देऊ नये.

घरात शिरल्यावर आधी शू-शीच्या जागेवर न्या, मग एका खोलीत. सगळा फ्लॅट पहिल्याच दिवशी मोकळा सोडला की सोफ्यामागे एक आणि देवघरासमोर एक अशी तळी सापडायला लागतात. गुळगुळीत टाइल्सवर पिल्लाचे पाय फाकतात, तिथे सतरंजी किंवा जुनी योगा मॅट अंथरा. वायरी, डासांची लिक्विड मशीन आणि कपाटाखाली गेलेल्या डांबराच्या गोळ्या उचला. बाल्कनीच्या ग्रिलला जाळी बांधा. कुंडीत सायकस असेल तर ती घराबाहेरच काढा, कारण त्याने लिव्हर निकामी होतं. प्रसादाच्या वाटीतले बेदाणे, चॉकलेट, कांदा-लसूण हेही त्याला विषच.

पिल्लू आल्याची बातमी सोसायटीत पसरते आणि दारात मुलांची रांग लागते. इथे थोडं वाईट व्हायला हरकत नाही. पहिले तीन दिवस पाहुणे नकोत. मग एका वेळी दोन मुलं, जमिनीवर बसून, उचलायचं नाही. या वयात पिल्लू दिवसाचे 18 ते 20 तास झोपतं. संध्याकाळी वेड्यासारखं धावणारं, दिसेल ते चावणारं पिल्लू खट्याळ नसतं, त्याची झोप झालेली नसते.

खाणं दिवसातून चार वेळा: सकाळी 7, दुपारी 12, साडेचार आणि रात्री 8. वाटी 15-20 मिनिटांनी उचलायची, पाणी मात्र कायम समोर. पहिले चार-पाच दिवस खाणं बदलू नका. नंतर जुन्यात नवं पाव भाग दोन दिवस, अर्धं दोन दिवस, पाऊण दोन दिवस, असं करत बदला. आपल्याकडची ठरलेली चूक म्हणजे दूध-पोळी. गायी-म्हशीच्या दुधातलं लॅक्टोज बऱ्याच पिल्लांना पचत नाही, जुलाब होतात. आणि नुसत्या पोळीत वाढीपुरती प्रथिनं नसतात.

आता पहिली रात्र. ते रडणार, कारण आजवर ते एकदाही एकटं झोपलेलं नसतं. त्याला बाल्कनीत कोंडून ‘रडून रडून गप्प होईल’ म्हणणारे सल्लागार प्रत्येक घरात असतात. गप्प होतंही, पण थकून, आणि एकटेपणाची धास्ती पुढे राहते. पाय पसरून झोपता येईल एवढा खोका किंवा क्रेट तुमच्या पलंगाला लागून ठेवा, आत तो फडका ठेवा. थंडी-पावसात गरम पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून एका कडेला ठेवा, म्हणजे उकडलं तर त्याला सरकता येईल. मे महिन्यात तिची गरज नाही. रडलं तर खोक्यात हात सोडा. ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, तितके तास लघवी धरता येते. म्हणजे दोन महिन्यांच्या पिल्लाला तीन तास. रात्री 11 ला शेवटची फेरी, मग 2 आणि 5 चा गजर. दिवा लावायचा नाही, बोलायचं नाही, जागेवर न्यायचं आणि परत खोक्यात. आठवड्याभराने खोका रोज फूटभर त्याच्या कायमच्या जागेकडे सरकवा.

लसी पूर्ण होईपर्यंत खाली कंपाउंडमध्ये जमिनीवर सोडू नका. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या जुलाबाच्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो. म्हणून सध्या बाल्कनी किंवा बाथरूमचा एक कोपरा, वर्तमानपत्र अंथरून. कागद बदलताना जुन्यातला ओलसर तुकडा नव्याखाली ठेवा, वासाने जागा कळते. झोपेतून उठल्या उठल्या, खाल्ल्यावर 10-15 मिनिटांनी, खेळ संपल्यावर आणि जमीन हुंगत गोल फिरायला लागलं की लगेच तिथे न्या. झाल्या झाल्या, दोन सेकंदांच्या आत, शाबासकी आणि खाऊ.

चुकीच्या जागी केली तर नाक घासायचं नाही. त्यातून ते एवढंच शिकतं की तुमच्यासमोर करायची नाही, मग सोफ्यामागे शोधत बसा. फरशी एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. फिनाइलने वास आपल्यापुरता झाकतो, पिल्लाला जागा बरोबर सापडते. लघवीवर थेट ब्लीच ओतू नका, विषारी वायू तयार होतो.

दोन-तीन दिवसांत डॉक्टरांना दाखवा. लस 6-8 आठवड्यांपासून दर 3-4 आठवड्यांनी, आणि शेवटचा डोस 16 आठवडे झाल्यावर. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती लस निष्प्रभ करते आणि ती कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून एवढे डोस. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर. जंताचं औषध वजनानुसार, 12 आठवड्यांपर्यंत दर पंधरा दिवसांनी.

लस नाही म्हणून जग दाखवायचं नाही, असं मात्र करू नका. साधारण 14 आठवड्यांपर्यंत जे ओळखीचं होतं, त्याची पुढे सहसा भीती राहत नाही. कडेवर घेऊन गेटपर्यंत न्या: रिक्षा, हेल्मेटवाला माणूस, लांबून ढोल-ताशा. कुकरची शिट्टी व्हायच्या वेळी दुसऱ्या खोलीत खाऊ द्या. दुसऱ्या दिवसापासून एकटं राहायचा सराव: आधी अर्धा मिनिट दाराबाहेर, मग दोन, मग पाच. रडायच्या आत परत या.

सतत उलटी, रक्ताचे किंवा घाण वासाचे जुलाब, पांढुरक्या हिरड्या: सकाळची वाट पाहू नका. लहान जातीचं पिल्लू उपाशी राहून लटपटत असेल तर हिरड्यांना मध चोळा आणि निघा. पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन अजिबात नाही, थेंबभरही नाही. अंघोळीची घाई नको. सध्या ओल्या फडक्याने पुसून लगेच कोरडं केलं तरी भागतं.