क्वांटमच्या पीएचडीला निघालाय? मग या चुका टाळा

दिवाळीत साताऱ्याला घरी आलो की पोवई नाक्यावर चहाला एखादा तरी एमएस्सीचा पोरगा गाठतोच, दादा क्वांटम कॉम्प्युटिंगमध्ये पीएचडी करायचीय, कुठला कोर्स लावू. २०२३ ला केंद्र सरकारच्या नॅशनल क्वांटम मिशनला ६००३.६५ कोटी मंजूर झाले तेव्हापासून तर जास्तच. पैसा आलाय हे खरंय, पण पोरं अडकतात ती भलत्याच ठिकाणी.

यंदाचा कोरेगावचा होता, लॅपटॉप घेऊनच आलेला. दोन क्युबिट (क्वांटम कॉम्प्युटरचे बिट), शून्य नंबरच्यावर एक्स गेट, म्हणजे ० चं १ करणारी क्रिया, ह्याच्या मते उत्तर १० यायला पाहिजे आणि येतंय ०१, रात्रभर कोड उलटापालटा करून डोळे लाल. अरे कोड बरोबरच आहे, किस्किट, म्हणजे आयबीएमचं क्वांटम प्रोग्रामिंगचं सॉफ्टवेअर, शून्य नंबरचा क्युबिट सगळ्यात उजवीकडे लिहितं, शाळेत एकं-दहं मांडायचो तसं, एकं उजव्या हाताला. बऱ्याच पुस्तकांत नेमकं उलटं असतं म्हणून पुस्तकातलं मॅट्रिक्स आणि स्क्रीनवरचं जुळत नाही. टेन्सर प्रॉडक्ट, म्हणजे दोन क्युबिटची मॅट्रिक्स जोडायची रीत, वहीत हातानं काढला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं, पण लिनिअर अल्जेब्राचा सगळ्यांना कंटाळा.

जुना व्हिडिओ बघून टाइप करायचं आणि प्रोग्राम चालवायचं 'एक्झिक्यूट' फंक्शन सापडत नाही म्हणून तीनदा इन्स्टॉल मारायचं, हे पण नेहमीचंच. ते फंक्शन किस्किट १.० मध्ये, म्हणजे फेब्रुवारी २०२४ लाच काढून टाकलंय, आधी व्हर्जन बघा.

आणि ८ जीबीच्या लॅपटॉपवर ३० क्युबिटचा पूर्ण स्टेट व्हेक्टर, म्हणजे सगळ्या क्युबिटची अवस्था सांगणारी आकड्यांची यादी, चालवू नका राव. २ चा ३० वा घात म्हणजे १०७ कोटींवर आकडे, एकेकाला १६ बाइट, झाले १६ जीबी. एक क्युबिट वाढवला की डबल.

आता प्रवेश परीक्षांचं. गेट परीक्षेचे फॉर्म गणपतीच्या आसपास सुटतात आणि आपली पोरं मंडळाच्या गडबडीत. पीएचडी प्रवेशाची जेस्ट, मुंबईच्या टीआयएफआर संस्थेची स्वतःची परीक्षा, ह्यांचं तर कित्येकांना नावच माहीत नसतं. नेट निघाली म्हणजे फेलोशिप मिळाली असंही नाही, महिन्याला ३७,००० मिळतात ते जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलोशिप) मिळालेल्यांना.

सगळ्यात वाईट म्हणजे गाइड व्हा म्हणून ते एकच मेल चाळीस सरांना. त्यापेक्षा एक छोटा प्रोग्राम धड करा, ज्याचं उत्तर आधीच माहितीय असा. कोरेगावच्या पोराला मी द्विमितीय आयझिंग मॉडेल, म्हणजे चुंबकाचं साधं गणिती मॉडेल, लिहायला लावलं, ऑन्सागरनं १९४४ ला गणितानं सोडवलेलं, चुंबकत्व जातं ते क्रिटिकल तापमान (मॉडेलच्या एककात) २.२६९ च्या जवळ यायला पाहिजे, नाही आलं तर चूक आपलीच. आलं. तो ग्राफ लावून एकाच सरांना मेल टाकला, अकरा दिवसांनी एका ओळीचा रिप्लाय, सुरुवातीच्या किती स्टेप्स टाकून दिल्यास? सिम्युलेशन स्थिरावायच्या आधीच्या स्टेप्स हिशोबात धरायच्या नसतात, ह्यानं एकही वगळली नव्हती, परत बसलाय लॅपटॉप उघडून.