सायकॉलॉजिकल थ्रिलर लिहिताय? मग या चुका टाळा

सांगलीतल्या एका मित्रानं त्याची पहिली कादंबरी वाचायला दिली. बायकोला वेडं ठरवणारा नवरा, ऑगस्ट 2019 चा महापूर, मसाला सगळा होता, तरी शंभराव्या पानापर्यंत मला त्यातल्या कुणाचीच काळजी वाटेना. असं का झालं ते शोधायला मी सगळं परत वाचलं आणि जे सापडलं ते इथं लिहितोय, कारण नव्यानं लिहिणारे बरेच जण इथंच अडकतात.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ट्विस्ट आधी ठरवायचा आणि मग माणसांना मानगुटीला धरून तिथपर्यंत ओढत न्यायचं. याची नायिका कृष्णेचं पाणी 55 फुटांवर गेल्यावर रात्री एकटी स्कूटीवरून मारुती चौकातल्या माहेरी जुनं पत्र आणायला जाते. अहो, नदीवरच्या आयर्विन पुलापाशी 40 फूट इशारा पातळी आणि 45 धोका पातळी, हे सांगलीत शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं, आणि त्या दिवसांत मारुती चौकात बोटी फिरत होत्या! प्लॉट तर इथं फसतोच, पण बाईसुद्धा मूर्ख वाटायला लागते आणि मनातनं उतरते. म्हणजे प्लॉट पटत नाही आणि पात्र आवडत नाही, या तक्रारी दोन दिसतात पण दुखणं एकच असतं. त्याला म्हटलं, पाणी 40 ला पोचलं की लोक सामान वरच्या मजल्यावर हलवतात, त्या गडबडीत कपाटात अंथरलेल्या कागदाखालनं पत्र पडू दे की.

दुसरं, नवरा एक सही करतो आणि बायको थेट मेंटल हॉस्पिटलात. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आल्यापासून हे इतकं सोपं राहिलेलं नाही. तिच्या मर्जीशिवाय ठेवायचं तर दोघांनी वेगवेगळं तपासावं लागतं, त्यातला एक मानसोपचारतज्ज्ञ, आणि तेही सुरुवातीला जास्तीत जास्त 30 दिवस. पण ही अडचण समजू नका, नवऱ्याला त्या दोघा तपासणाऱ्यांना पटवायला लावा, त्यासाठी तो घरात रोज काय काय पेरतो ते दाखवा, खरी भीती तिथंच आहे.

नायिकाच ‘मी’ म्हणून कथा सांगत असेल तर तिला माहीत असलेली गोष्ट तिच्याच मनातल्या बोलण्यात दडवू नका, ती सरळ फसवणूक होते. ती त्या आठवणीला टाळते असं दाखवा, आठवण जिन्यातली असेल तर जिन्यापाशी आली की विषय बदलते, एवढंही पुरतं. शेवट कळल्यावर पहिली पन्नास पानं परत वाचा, एकही वाक्य खोटं निघता कामा नये.

आणि माणूस वाईट असला तरी चालतो हो, वाचक त्याच्यामागं येतो, फक्त त्याला काहीतरी जिवापाड हवं असलं पाहिजे. मित्राची नायिका सगळ्यांवर डाफरते, खोटं बोलते, पण तिला नेमकं काय हवंय ते अडीचशे पानांत कुठंच नाही. तो आता पहिलं प्रकरण नव्यानं लिहितोय, त्यात तिला माहेरचं ते घर विकू द्यायचं नाहीये.