ऊस वाहतुकीसाठी जुना ट्रॅक्टर घेताय? मागून पुढे तपासत या

जुना ट्रॅक्टर बघायला गेलेला माणूस आधी बॉनेट उघडतो. चावी फिरवतो, आवाज ऐकतो, धुराचा रंग बघतो. आवाज गोड लागला की निम्मा सौदा तिथंच झालेला असतो. आमच्या घरी पहिला जुना ट्रॅक्टर असाच आला. इंजिन खरंच चांगलं होतं. पण हंगाम सुरू झाल्यावर दुसऱ्याच महिन्यात, भरलेली ट्रॉली उसाच्या फडातून काढताना, मागच्या हाउसिंगला (गिअर आत बसतात त्या लोखंडी पेटीला) हुकाच्या बोल्टापाशी तडा गेला. आधीच्या मालकानं तिथं एकदा वेल्डिंग करून वरून रंग मारला होता. खाली वाकून बघितलं असतं तर दिसलं असतं. तेव्हापासून मी कुठलाही ओढकामाचा ट्रॅक्टर मागच्या हुकापासून बघायला सुरुवात करतो. या लेखातला क्रमही तोच आहे.

पण त्याआधी वजनाचा हिशेब करू, कारण किती अश्वशक्तीचा ट्रॅक्टर घ्यायचा हे त्याशिवाय ठरत नाही.

ओढायचं किती?

सांगली-कोल्हापूरकडं एका ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या सर्रास दिसतात. एका ट्रॉलीत आठ टन ऊस आणि ट्रॉलीचं स्वतःचं वजन दोन टन धरलं, तर दोन्ही मिळून २० टन झाले. ट्रॅक्टर धरून २२. चांगल्या डांबरी सपाट रस्त्यावर चाकं फिरत ठेवायला वजनाच्या साधारण दोन टक्के ओढ लागते, म्हणजे ४४० किलो. हे कुठलाही ट्रॅक्टर ओढतो. आता २० मीटरला एक मीटर चढणारा रस्ता घ्या. चढासाठीच आणखी ११०० किलो लागतात. एकूण १५४० किलो.

ताशी पाच किलोमीटरच्या वेगानं एवढी ओढ द्यायला २८-२९ अश्वशक्ती पुरते. ४५ अश्वशक्तीच्या इंजिनात ती आहे, गिअरबॉक्समध्ये थोडी गेली तरीही. अडतं ते चाकापाशी. दोन-सव्वादोन टनांच्या ट्रॅक्टरचं मागच्या चाकांवर येणारं वजन दीड टनाच्या आसपास असतं आणि डांबरावर रबराची पकड त्याच्या सत्तर टक्के धरली तरी ओढ हजार-अकराशे किलोच्या पुढं जात नाही. त्यावर चाक जागेवर फिरतं. मग लोक चाकांत पाणी भरतात, वजनं लावतात, आणि तो सगळा ताण क्लच, हाउसिंग आणि अ‍ॅक्सल सोसतात. फडातल्या ओल्या मातीत तर ओढ वजनाच्या दहा-पंधरा टक्क्यांवर जाते. म्हणून जाणती माणसं फडातून एकेक ट्रॉली बाहेर काढतात आणि रस्त्यावर आल्यावर जोडतात.

याहून मोठी अडचण थांबण्याची आहे. आपल्या साध्या ट्रॅक्टरला ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना असतात आणि बहुतेक ट्रॉल्यांना ब्रेकच नसतो. म्हणजे मागच्या चाकांवरच्या दीड टन वजनाच्या पकडीवर २२ टन थांबवायचे. वरच्याच आकड्यांनी हिशेब केला तर ताशी २५ किलोमीटरवरून सपाट रस्त्यावर थांबायला ३५ मीटर लागतात. २० ला एक अशा उतारावर सव्वाशे मीटरच्याही पुढं. ब्रेक नवाकोरा असला तरी. त्याहून बऱ्याच तीव्र उतारावर ट्रॅक्टर थांबतच नाही, ट्रॉल्या त्याला ढकलत नेतात.

तेव्हा आधी रस्ता ठरवा. शिरोळसारखा सपाट भाग असेल तर ४५ ते ५० अश्वशक्तीत काम भागतं. पन्हाळा, शाहूवाडीसारखा चढ-उतार असेल तर जास्त अश्वशक्तीबरोबर जास्त वजनाचा ट्रॅक्टर घ्या आणि ट्रॉली एकच लावा. यावर माझं मत ठाम आहे. एका ट्रॉलीत खेपा वाढतात, डिझेल जातं, हे मला माहीत आहे. पण उतारावरची डबल ट्रॉली मी कुणालाच सुचवणार नाही.

कधी बघायला जायचं?

गाळप संपलं की, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये. तेव्हा ट्रॅक्टर शेवटची खेप टाकून आलेला असतो. अंगावर धूळ, तेलाचे ओघळ, झिजलेलं सगळं जसंच्या तसं दिसतं. तोच ट्रॅक्टर सप्टेंबरमध्ये धुऊन, रंगवून, नवी स्टिकरं लावून उभा राहतो आणि त्या वेळी घेणाऱ्यांची गर्दीही असते. नुसता मळलेला ट्रॅक्टर बघून नाक मुरडू नका. उलट हाउसिंग आणि हुकाजवळच ताजा रंग दिसला तर तिथं नखानं खरवडून बघा.

मागून सुरुवात

एक सुती चिंधी, टॉर्च आणि एक लांब पहार बरोबर घ्या.

हुकाची पिन काढा आणि भोक बघा. ते गोल हवं. लांबट झालं असेल तर पिन दर धक्क्याला आत आपटत होती. हुकाची चौकट हाउसिंगला जिथं बोल्टांनी बसते तिथली सगळी जागा पुसून टॉर्चनं बघा. केसासारखी रेघ, वेल्डिंगचा ओघळ किंवा एखादा बोल्ट बाकीच्यांपेक्षा नवा दिसला तर विचारा, आणि उत्तर पटलं नाही तर तिथूनच परत या. हाउसिंग बदलणं म्हणजे ट्रॅक्टर मधून दोन करणं.

हुकाची उंचीही बघा. काहीजण ट्रॉलीची दांडी उंच पडते म्हणून हुक वर चढवून घेतात. ओढ जितकी वरून लागेल तितकी पुढची चाकं उचलतात, आणि चढावर ट्रॅक्टर मागं उलटतो तो यामुळंच. टॉप लिंकच्या, म्हणजे अवजाराचा वरचा दांडा जोडतात त्या, जागेवरून तर काहीही ओढू नये.

मग मागचं एक चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा. ठक् ठक् आवाज आला तर बेअरिंग गेलं आहे. चाकाच्या आतल्या बाजूला तेलाचा ओलावा असेल तर सील गळतंय, आणि कोरडे ब्रेक असतील तर ते तेल ब्रेकवर जातंय. तेलात बुडालेले ब्रेक असतील तर मागच्या हाउसिंगचं थोडं तेल बाटलीत काढा. दुधासारखं झालं असेल तर आत पाणी शिरलंय. बोटांवर चोळून बघा. चमकणारे कण हाताला लागले तर गिअर किंवा बेअरिंग झिजतंय.

ब्रेकच्या दोन पायड्या असतात, शेतात वळताना एकेक वापरायला. रस्त्यावर त्या जोडणारी खिट्टी लावलेलीच हवी. अनेक जुन्या ट्रॅक्टरांची ती खिट्टी तुटून गेलेली असते. वेगात एकाच चाकाला ब्रेक लागला की ट्रॅक्टर आडवा होतो आणि मागची ट्रॉली वर येते. खिट्टी लावा, मोकळ्या मातीच्या रस्त्यावर ट्रॅक्टर पळवून ब्रेक दाबा, आणि उतरून दोन्ही चाकांच्या खुणा बघा. लांबी सारखी हवी.

टायरबद्दल थोडक्यात: १३.६-२८, १४.९-२८ की १६.९-२८ ते वाचा. डाव्या-उजव्या टायरच्या गुट्ट्या (रबराचे उंचवटे) सारख्या झिजल्यात का, बाजूला चिरा आहेत का आणि रिमोल्ड (जुन्यावर नवं रबर चढवलेला) तर नाही ना, एवढं बघा. टायर बदलता येतो; त्याचे पैसे किमतीतून वळते करा.

क्लच आणि गिअर

ओढकामात सगळ्यात आधी क्लच जातो, कारण चढावर अर्धा क्लच दाबून धरायची सवय बहुतेक चालकांना असते. चाचणी सोपी आहे. समोर मोकळी जागा बघा, ब्रेक पक्का दाबा, वरचा गिअर टाका, थोडी रेस ठेवा आणि क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. ते चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय. चाचणी एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको.

गिअर सटकतो का हे रिकाम्या ट्रॅक्टरला कळत नाही. भरलेली ट्रॉली लावून उतारावर रेस सोडा, ट्रॉली ढकलायला लागली की गिअरच्या दांडीवर हात न ठेवता बघा. दांडी थरथरून बाहेर आली तर तो ट्रॅक्टर तसाच उतारावर न्यायचा नाही, कारण तिथं इंजिनाचा अडसर हाच खरा ब्रेक असतो.

आता बॉनेट उघडा

जायच्या आधी फोन करून सांगा की ट्रॅक्टर थंड ठेवा. पोचल्यावर इंजिनाला हात लावा. गरम असेल तर आधीच चालू करून ठेवलेला आहे, म्हणजे थंडीत सुरू व्हायला त्रास असू शकतो. रेडिएटरचं झाकण थंड असतानाच काढा, इंजिन सुरू करा. पाण्यात सतत बुडबुडे आले तर हेड गॅस्केट संशयास्पद. ब्रीदरच्या, म्हणजे इंजिनातली हवा बाहेर सोडणाऱ्या, नळीतून थोडी वाफ येते. भकाभका धूर आला तर पिस्टन-लायनर झिजलेत. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. लोडवर रेस दिल्या दिल्या काळा धूर येऊन जातो, तो तसाच राहिला तर नोझल, पंप किंवा एअर फिल्टर बघावा लागेल.

तासांच्या मीटरवर विसंबू नका. जुन्या मीटरची केबल काढली की तास थांबतात. पायड्यांची रबरं आणि स्टेअरिंग किती गुळगुळीत झालंय यावरून जास्त कळतं.

पुढचा अ‍ॅक्सल विसरू नका. चढावर पुढची चाकं उचलून आपटतात, त्याचा मार किंग पिन (चाक जिच्यावर वळतं ती) आणि मधल्या पिनला बसतो. चाकं जॅकवर घेऊन पहारीनं हलवा.

शेवटी तासभर भरलेली ट्रॉली ओढून बघा. विकणारा याला तयार नसेल तर दुसरा ट्रॅक्टर बघा.

कोणता घ्यावा?

महिंद्रा ५७५, स्वराज ७४४ हे सपाट भागातले. स्वराज ८५५, जॉन डिअर ५३१०, न्यू हॉलंड ३६३०, अर्जुन ६०५ हे त्यावरचे. मी नावापेक्षा दोन गोष्टी बघतो: आपल्या तालुक्याच्या गावी सुटे भाग मिळतात का, आणि आपला मेकॅनिक तो उघडू शकतो का. एचएमटी ५९११ दणकट म्हणून अजून लोक शोधतात, पण कंपनीचा ट्रॅक्टर कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्येच झाला. भागांची खात्री करूनच घ्या. जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्या नव्या ट्रॅक्टरांना ट्रेम-४ हे धुराच्या प्रदूषणाचे निकष लागू झाले. त्याआधीच्या ट्रॅक्टरांचा साधा डिझेल पंप गावात दुरुस्त होतो, ही जमेची बाजू आहे.

किमतीचं बोलताना नव्याचा आजचा भाव खिशात ठेवा. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला. त्याआधीच्या बिलावरून सांगितलेली किंमत आज चालणार नाही.

कागद

आरसीवरचा चेसिस आणि इंजिन नंबर ट्रॅक्टरवर स्वतः वाचा. एमपरिवहन अ‍ॅपवर विमा, चलन आणि बोजा बघा. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ हाती आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नका. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३० लागतात. विकणाऱ्यानं १४ दिवसांत आणि घेणाऱ्यानं ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. "करू सावकाश" म्हणून हे राहिलं आणि मध्ये अपघात झाला, तर दोघांनाही कोर्टाच्या चकरा आहेत. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते, तिचाही कागद मागा.

आपल्या भागात आणखी एक चौकशी करावीच लागते. वाहतूक करार करताना मालकानं कारखान्याकडून ऊसतोड टोळीसाठी उचल (आगाऊ रक्कम) घेतलेली असते. टोळीचा मुकादम पैसे घेऊन आला नाही तर ती थकते आणि वसुली मालकावर येते. त्यासाठी ट्रॅक्टर तारण आहे का, हे कारखान्याच्या शेती खात्यात जाऊन विचारा.

नोंदणी शेतीची आणि काम भाड्याचं असेल तर विमा कंपनी दावा नाकारू शकते. दुसऱ्यांचा ऊस ओढणार असाल तर नोंदणी आणि पॉलिसी त्या कामाला चालते का, हे एजंटकडून लेखी घ्या.

ट्रॉली

पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) तुटलेत का, दांडीची कडी झिजलीय का, अ‍ॅक्सल वाकलाय का बघा. दोन ट्रॉल्यांच्या मधल्या कडीला पिनेबरोबर जाड साखळीही हवी.

आणि सौदा झाल्यावर पहिला खर्च शेवटच्या ट्रॉलीच्या मागच्या बाजूवर करा. दोन लाल दिवे, रुंद रिफ्लेक्टर, वायरिंग नवं. रात्री रस्त्याकडेला उभ्या ट्रॉलीवर मागून मोटरसायकल आदळल्याची बातमी दर हंगामात आपण वाचतो. पहिल्या खेपेला ट्रॉली भरून झाली की अंधारात पन्नास पावलं मागं जाऊन उभे राहा आणि लोंबणाऱ्या वाढ्याखाली (उसाच्या शेंड्याच्या पाल्याखाली) ते दिवे दिसतात का ते बघा. दिसत नसतील तर वाढं छाटा किंवा दिवे खाली घ्या, मग गाडी काढा.